दोघींचा एकच निबंध

बाई, कॉलेजात गेल्यावर पहिली काही वर्षं मी तुम्हाला पत्रं लिहीत होते आणि तुमची उत्तरंही येत होती. तुम्ही गेल्यानंतर लिहिण्याला काही कारण उरलं नाही, आणि कारण नसताना लिहिलेलं तुम्हाला आवडत नसे. सांगायचं काय ते आधी ठरव, मग दौत उघड, असं म्हणायचात. आज मी दौत आधी उघडली आहे. सांगायचं काय ते मला साधारण माहीत आहे, पण तिथपर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल.

या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे मॅट्रिकचे पेपर तपासायला बसले होते, इंग्रजीचे. मी आता इंग्रजी शिकवते. हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझी नोकरी लागायची होती. गठ्ठ्यात एखाद्या लहान गावच्या मुलांच्या उत्तरपत्रिका एकापाठोपाठ एक येतात आणि त्यांचा निबंध शब्दाला शब्द सारखा असतो. सगळी मुलं पहाटे उठतात, सगळ्यांना पाखरांचा किलबिलाट ऐकू येतो, सगळ्यांचे वडील शेवटी हसून पाठीवर हात ठेवतात. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणतात, "एक वाचा आणि बाकीच्यांना तोच आकडा घाला." मी हसते, आणि प्रत्येक निबंध शेवटपर्यंत वाचते. मी फार काटेकोर आहे असा त्यांचा समज आहे. खरं म्हणजे मला धास्ती असते की एखाद्या मुलानं मधेच कुठेतरी स्वतःचं एखादं वाक्य लिहिलं असेल आणि ते माझ्याकडून वाचायचं राहून जाईल.

वडिलांची बदली मुरबाडच्या कचेरीतून शहापूरला झाली तेव्हा मी इंग्रजी तिसरी झाले होते. त्यापुढचे वर्ग तेव्हा आमच्या भागात नव्हते. पुढं शिकायचं तर कल्याण गाठायला हवं, आणि मुलीला रोज गाडीनं कल्याणला पाठवणं वडिलांना पटत नव्हतं. म्हणून मी घरीच होते, दोन वर्षं, आईच्या हाताखाली. मग एक दिवस तुम्ही मुलींच्या शाळेच्या भाड्याच्या कामासाठी कचेरीत आलात आणि वडिलांना म्हणालात की मी बाहेरून मॅट्रिकला बसणार आहे, एकटीनं अभ्यास होत नाही, तुमची मुलगी मला द्या. वडील घरी आले ते हसतच. "मास्तरीणबाईंना विद्यार्थिनी नकोय," ते म्हणाले, "जोडीदारीण हवीय." आईनं विचारलं, "त्यांना इंग्रजी येतं का?" वडील म्हणाले, "नाही. म्हणूनच तर."

हे खरंच होतं. तुम्ही मराठी फायनल झालेल्या, पुण्याला ट्रेनिंग केलेल्या, शहापूरच्या मुलींच्या शाळेच्या मुख्य. पण इंग्रजी तुमचं माझ्याएवढंच, कदाचित थोडं कमीच. बाकीच्या विषयांत तुम्ही मला शिकवलंत. इंग्रजीत आपण दोघी एकाच पाटावर बसलो. आणि इंग्रजीत नापास म्हणजे सगळ्यात नापास, असा तेव्हाचा नियम. वडिलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अगदी सरकारी हुकूम वाचून दाखवावा तसं, राग नाही, लोभ नाही: "एकदा बस. पास झालीस तर कॉलेजात घालतो. नाही झालीस तर भिवंडीकडच्या त्या स्थळाला मी होकार कळवणार." स्थळ वाईट नव्हतं. मी त्या मुलाला पाहिलंही नव्हतं. पण होकार हा शब्द आठवला की मी पुन्हा पुस्तक उघडून बसायचे.

तुमचं काय पणाला लागलं होतं ते तुम्ही मला पुष्कळ उशिरा सांगितलंत. दिवाळीनंतरची गोष्ट, तुम्ही अंगणात तुळशीला पाणी घालत होता. एका वर्षी तपासणीला आलेले साहेब तुमच्यासमोर उभे राहून आपल्या कारकुनाशी तुमच्या शाळेबद्दल इंग्रजीत बोलत राहिले. तुम्ही शेजारी हसत उभ्या. ते गेल्यावर शिपायानं कारकुनाला विचारलं आणि तुम्हाला येऊन सांगितलं की साहेबांनी शाळेची फार तारीफ केली. "चांगलं बोलले," तुम्ही म्हणालात, "पण ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. शिव्या दिल्या असत्या तरी मी तशीच हसत उभी राहिले असते." आणि तांब्या उपडा करून आत गेलात.

सापगावच्या वाटेला तुमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पुस्तकं आणि शाळेचे नकाशे, मागं स्वयंपाकघर. आणि स्वयंपाकघरात तुमची आई, जिला मी आजी म्हणत असे, तुमच्या गावाहून, वैशाखऱ्याहून, तुमच्यापाशी राहायला आलेली. आमची आई सांगायची, तिथं चहा पी, पण जेवायला बसू नकोस. मी जेवत असे. तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण, चुलीपाशी बसून. आईला ते ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. आपण अभ्यासही तिथंच करायचो, कारण पुढच्या खोलीत बसलं की कुणी ना कुणी पालक दारात येऊन उभा राहायचा.

सुरुवातीला आपणही सगळ्यांसारखंच केलं. तुम्ही कल्याणहून तयार निबंधांचं पुस्तक मागवलंत आणि आपण पहिला निबंध पाठ करायला घेतला, समुद्रकिनाऱ्याची सहल. मी समुद्र पाहिला नव्हता. तुम्ही एकदा पाहिला होता, पण निबंधात होता तसा नव्हता म्हणालात. आपण दोघी डोलत, एका सुरात, तो म्हणत होतो आणि आजी सुपात तांदूळ निवडत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "काय गो," त्या म्हणाल्या, "आरती कराची संपतच नाय तुमची. परसाद कवा देशाल?" तुम्ही पुस्तक मिटलंत. मला वाटलं रागावलात. तुम्ही हसत होता, पदर तोंडाशी धरून, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नवीन पद्धत सांगितलीत. निबंध आधी मराठीत आजींना सांगायचा. जिथं आजी "मंग?" म्हणतील तेवढाच ठेवायचा, त्या सुपाकडे बघायला लागल्या की ते टाकायचं. आणि उरेल ते मग इंग्रजीत आणायचं, आपल्याला येतील त्या शब्दांत. आजी काही मोठ्या पारखी नव्हत्या, हे मला आज प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. भुताचं काही सांगितलं की त्या वाट्टेल त्याला "मंग?" म्हणायच्या. आणि कशाचीही गोष्ट असो, माणसं जेवली का हे त्यांना कळायलाच हवं असे. "एवढी लांब गेली नि जेवलीच नाय?" त्यामुळे आपल्या सगळ्या निबंधांत कुठेतरी एक जेवण आहे. पण त्या विचारत, म्हणून आपण सांगत होतो. आणि सांगता सांगता मला कळायला लागलं की मी जे डोळ्यांनी पाहिलं त्याबद्दल बोलताना माझा आवाज निराळा होतो. हे मी आता वर्गात शिकवते. वर्गात आजी नसतात, त्यामुळे मला स्वतःलाच "मग?" म्हणावं लागतं.

तपासायला कुणी नव्हतं. म्हणून तुम्ही माझा निबंध तपासायचात आणि मी तुमचा. एकच तांबडी पेन्सिल, मधे ठेवलेली. पहिल्यांदा मी तुमच्या कागदाला हातच लावेना. तुम्ही पेन्सिल माझ्या मुठीत दिलीत. मी भीत भीत एका ठिकाणी खूण केली. "इथं का कापलंस?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "बाई, इथं कंटाळा आला." तुम्ही वाक्य परत वाचलंत. "मलाही लिहिताना आला होता," म्हणालात, "पण वाटलं, इंग्रजीत असंच असेल." त्यानंतर माझी भीड चेपली, जरा जास्तच. आपण एकमेकींची वाक्यं कापत होतो, जोडत होतो, तुमचं माझ्यात आणि माझं तुमच्यात, आणि महिना-दोन महिन्यांत कुठलं कुणाचं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. त्यात काही गैर आहे, काही धोका आहे, असं एकदाही मनात आलं नाही. दोन घरच्या बायकांनी एकत्र बसून पापड लाटावेत आणि शेवटी अर्धे अर्धे वाटून न्यावेत, तसं होतं ते.

मे महिन्यात तुम्ही मला वैशाखऱ्याला नेलंत, तुमच्या भावाकडे. आजी आधीच गेल्या होत्या. मुरबाडहून निघालेली सर्व्हिस मोटार चढावर तापली आणि बंद पडली. सगळे उतरले. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला गेला. तेवढ्यात वरच्या बाजूनं एक वाडीवरची बाई आली, डोक्यावर लाकडांची मोठी मोळी. तिनं मोटारीकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं, आणि शांतपणे मोळी मोटारीच्या बॉनेटवर उतरवून ठेवली. क्लीनर ओरडला, "ए बाय, मोटारीवर काय ठेवतेस?" ती मान पुसत म्हणाली, "चालत व्हती तवा ठेवली का रे? बसलीय म्हनून ठेवली. ती बी दमली, मी बी दमली." आणि थोडा वेळ टेकून, मोळी उचलून, ती मुरबाडच्या दिशेनं चालू लागली. आपली मोटार हलायच्या आत ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती.

ही गोष्ट त्या संध्याकाळी आजींना सांगितली तेव्हा त्यांनी इतक्या वेळा "मंग?" म्हटलं की तुमची भावजय चूल सोडून ऐकायला आली. तो निबंध आपण महिनाभर घोटला. मोळीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर कोशात दोन-तीन शब्द सापडले, तुम्हाला एकही आवडेना. शेवटी तुम्ही म्हणालात, नुसतं 'तिची लाकडं' लिहू. ती बोलली ते वाक्य आपण किती प्रकारांनी इंग्रजीत करून पाहिलं, आणि जे अखेर जमलं ते मला आजही पाठ आहे. ते तुमचं की माझं, मी फार आठवून पाहिलं आहे. मला वाटतं पहिला अर्धा तुमचा. खात्री नाही.

बाजाराचा निबंधही असाच झाला. शहापूरच्या आठवड्याच्या बाजारात तुम्ही मला एका बाजूला उभं करायचात, तुम्ही दुसऱ्या बाजूला, आणि घरी येताना प्रत्येकीनं एक गोष्ट आणायची. त्या दिवशी दोघींनी एकच आणली. एक म्हातारा कंदिलाची नवी काच मुंडाशात गुंडाळून, ती डोक्यावर धरून, गर्दीतून चालला होता आणि त्याची बायको पुढं दोन्ही हात पसरून माणसं बाजूला सारत होती: "सरका गो, सरका, आमच्या घरचा उजेड येतय." आजी त्या दिवशी जेवणाचं विचारायचंसुद्धा विसरल्या.

परीक्षा ठाण्याला होती. आपले अर्ज एकत्र गेलेले, त्यामुळे नंबर पाठोपाठचे. तुम्ही माझ्या पुढच्या बाकावर. इंग्रजीच्या पेपरात पहिलाच निबंध प्रवासाचा. प्रश्न वाचला आणि समोर तुमची पाठ एकदम ताठ झालेली दिसली. मला हसू आलं. मग मी खाली पाहून लिहायला लागले आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही. मोटार, चढ, मोळी, ती बाई, तिचं बोलणं. बाहेर आल्यावर आपण एकमेकींना काही विचारलं नाही. तुम्ही फक्त म्हणालात, "आई म्हणेल, शेवटी जेवलात की नाही ते लिहिलं का?" आणि आपण ठाण्याच्या रस्त्यावर सगळं शहाणपण विसरून हसत सुटलो.

निकालाच्या दिवशी यादीत दोघींचे नंबर नव्हते. त्याऐवजी परीक्षेच्या कचेरीतून पत्र आलं: दोन्ही उत्तरपत्रिकांतील निबंध जुळतात, निकाल राखून ठेवला आहे, खुलाशासाठी हजर राहावे. वडिलांनी ते दोनदा वाचलं. मला विचारलं, "पाहिलंस?" मी म्हटलं, "नाही." "त्यांनी पाहिलं?" "त्या पुढं बसल्या होत्या. कशा पाहतील?" वडिलांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मी येतो बरोबर." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, ते मला तेव्हा साहजिक वाटलं होतं. आता वाटत नाही.

मुंबईच्या त्या कचेरीत टेबलामागं एक वयस्क गृहस्थ होते, चष्मा कपाळावर सरकवलेला, आपल्याकडचेच, मराठी बोलणारे. वडील बाहेर बाकावर. त्या गृहस्थांनी दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुणी कुणाचं पाहिलं?"

तुम्ही म्हणालात, "कुणीच नाही. हा निबंध आम्ही दोघींनी मिळून केलाय. मागच्या वर्षी, मे महिन्यात."

"तुमचं नातं काय?"

"मी हिची शिक्षिका."

"शिक्षिका, मग हिच्याच परीक्षेला कशा बसलात?"

"मलाही पास व्हायचं होतं," तुम्ही म्हणालात.

त्यांनी चष्मा खाली ओढून दोन्ही कागद पुन्हा पाहिले. मग जे म्हणाले ते मी विसरले नाही. "बाई, पुस्तकातला समुद्रकिनारा लिहिला असतात तर तो शेकडो मुलांशी जुळला असता आणि तुम्हाला इथं कुणी बोलावलं नसतं. ही मोळी दुसऱ्या कुणाच्याही कागदात नाही. म्हणून सापडलात." ते खेदानं म्हणाले, टोमणा मारून नव्हे. आपली चूक काय झाली ते मला तेव्हा कळलं. चांगला निबंध एकाच माणसाचा असतो हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे चांगली वस्तू झाली की दोन्ही घरी जाते.

त्यांनी उपाय काढला. दोघींना वेगळ्या खोल्यांत बसवणार, नवा विषय देणार, आणि त्या निबंधाचे गुण जुन्याच्या जागी धरणार. "पण हेही जुळले," ते म्हणाले, "तर मग मला काही करता येणार नाही. दोघींचाही निकाल जाईल." मग त्यांनी कागदावर विषय लिहून दिला. बाजाराचा दिवस.

मी त्या खोलीत बसले. भिंतीपलीकडे तुम्ही. माझ्या हातात ती कंदिलाची काच होती, म्हातारा होता, त्याची बायको होती, सगळी वाक्यं तयार, आपण दोघींनी तासून ठेवलेली. आणि मला कळत होतं की तुमच्याही हातात तेच आहे. दोघींनी लिहिलं तर दोघी बुडणार. एकीनं लिहिलं तर एक तरेल, कदाचित. मी फार वेळ विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तुळशीपाशी तांब्या घेऊन उभ्या असलेल्या तुम्ही दिसलात आणि मी दुसरंच काहीतरी लिहायला लागले: भाजीच्या रांगा, गर्दी, धूळ, हरवलेलं आणि मग सापडलेलं मूल. तसं मूल मी कधी पाहिलं नव्हतं. ते पुस्तकातलं मूल होतं. मला भिवंडीच्या स्थळाची भीती वाटत होती आणि तरी हात थांबला नाही. यात माझा मोठेपणा किती आणि तुमच्यासमोर वाईट ठरण्याची भीती किती, हे मी पुढं पुष्कळदा तपासलं. निकाल लागला नाही.

परतीच्या गाडीत वडील एका स्टेशनावर चहा आणायला उतरले. तुम्ही खिडकीकडे पाहत विचारलंत, "काच लिहिलीस ना?"

मी म्हटलं, "नाही बाई. तुमच्यासाठी ठेवली."

तुम्ही माझ्याकडे वळलात. शाळेत, घरात, कधीही तुम्ही माझ्याशी पुस्तकी मराठी सोडून बोलला नव्हता. त्या वेळी मात्र वैशाखऱ्याचं बोलणं तुमच्या तोंडून एकदम बाहेर आलं. "येडी हायस का गो तू? तुला कोनी सांगतला ठेवाला? बापाचा शबुद इसरलीस?"

मी घाबरून विचारलं, "तुम्ही लिहिलीत ना पण?"

 तुम्ही हळू आवाजात, पुन्हा नेहमीच्या भाषेत म्हणालात, "मी भाजीचे भाव लिहिले. वांगी, मिरच्या, सुके बोंबील. कारकुनासारखं." आणि थोड्या वेळानं, "मी सोडलं ते माझं काम होतं. तुझं नव्हतं. परीक्षेत कुणी कुणासाठी काही सोडत नसतं."

वडील चहा घेऊन आले. दोघींची तोंडं पाहून म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही," तुम्ही म्हणालात. "दोघी एकच गोष्ट लिहायला विसरलो." वडील म्हणाले, "मग हे जुळलं तरी त्यांना कळायचं नाही." त्यांना काही माहीत नव्हतं, ते सहज बोलले; पण तुम्ही हसलात. मीही हसले. माझा एक डोळा वाहत होता.

निकाल आला. दोन्ही निबंध वेगळे, खुलासा मान्य. मी इंग्रजीत काठावर पास. तुम्ही इंग्रजीत नापास, बाकी सगळ्यात उत्तम. तुम्ही स्वतःच ते सांगायला आमच्या घरी आलात, पेढे घेऊन, माझे. येताना कोश आणलात, आपला तो इंग्रजी-मराठी. "हा कॉलेजात लागेल तुला," म्हणालात. "मला आता वर्षभर नको." आईनं त्या दिवशी तुम्हाला स्वयंपाकघरात पाटावर बसवून जेवायला वाढलं आणि कुणी काही बोललं नाही. वडिलांनी भिवंडीला नकार कळवला.

वर्षभरानं तुम्ही बसला नाहीत. नंतरही नाही. रजा मिळत नाही, आजी अंथरुणाला खिळल्या, शाळेत वर्ग वाढले, असं तुम्ही पत्रांतून लिहीत गेलात, आणि ते सगळं खरंच असणार. मी लिहायचे की निबंध पाठवा, मी तपासून देईन. तुम्ही उत्तर द्यायचात, तुझा अभ्यास आहे, दिवाळीनंतर पाहू. मला वाटतं, निबंध ऐकायला आजी आता चुलीपाशी नव्हत्या आणि पेन्सिल पुढं करायला समोर कुणी नव्हतं. एकटीनं अभ्यास होत नाही, हे तुम्ही वडिलांना अगदी आधी सांगितलंच होतं. काचेचा निबंध लिहिला असतात तर पास झाला असतात की नाही, मला सांगता येत नाही. इतकी वर्षं पेपर तपासूनही सांगता येत नाही. दुसरी मोठी लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात तेव्हा मी परीक्षेच्या गडबडीत होते आणि बातमी मला वडिलांच्या कार्डावरून कळली. दोन ओळी. दुसरीत लिहिलं होतं, शाळा एक दिवस बंद ठेवली.

आता जे सांगायचं ते. तुमच्या शाळेची नवी इमारत झाली. तिथल्या हल्लीच्या बाई, वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढ्या, त्यांनी मला पत्र लिहिलं की आजवरच्या मुख्य शिक्षिकांची नावं एका फळीवर रंगवून लावायची आहेत, नाव, साल आणि शिक्षण. जुने कागद वाळवीनं खाल्ले, तुमच्याबद्दल सांगेल असं दुसरं कुणी गावात उरलेलं नाही. मी उत्तर पाठवलं. तुमचं नाव, तुमची सालं, आठवतील तशी पण दोनदा ताडून. शिक्षणाच्या पुढं मी लिहिलं: मॅट्रिक.

गेल्या आठवड्यात जाऊन पाहून आले. पांढऱ्या फळीवर निळी अक्षरं आहेत, स्वच्छ, दारातून आत येणाऱ्या प्रत्येक मुलीला दिसतील अशी. मी रोज रात्री रोजनिशी लिहिते आणि तिच्यात खोटं लिहायचं नाही हा माझा जुना नियम आहे; त्या दिवसाच्या पानावर मी फक्त 'शहापूरला जाऊन आले' एवढंच लिहिलं आहे. एवढ्या वर्षांत मी एकाही मुलाला अर्धा गुण वाढवून दिलेला नाही. पालक आले, ओळखीचे आले, एकदा आईनंही शब्द टाकला, तरी नाही.

बाई, हे पत्र पाठवायला पत्ता नाही ही अडचण नाही. पत्ता असता तरी मी ते टपालात टाकलं नसतं. तुम्ही वाचलं असतंत आणि त्याच दिवशी रंगाऱ्याला बोलावून ते पुसायला लावलं असतंत.